मोजले किती, ओळखले किती

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात होमस्टेक नावाची सोन्याची जुनी खाण आहे. जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, या खाणीच्या एका दालनात रे डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात एक भलीमोठी टाकी बसवली आणि तिच्यात ३ लाख ८० हजार लिटर परक्लोरोएथिलीन भरले. कपडे ड्रायक्लिनिंगला टाकले की ज्याने धुतात, तेच हे द्रव्य. सूर्याच्या गाभ्यातून निघालेल्या न्यूट्रिनोची त्यातल्या क्लोरीनच्या अणूशी गाठ पडली, तर क्लोरीनचा आर्गॉन होतो. हा आर्गॉन किरणोत्सारी असतो, म्हणून त्याचा एकेक अणू मोजता येतो. डेव्हिस दर काही आठवड्यांनी टाकीतून हेलियम फिरवून हे अणू बाहेर काढत. एवढ्या टाकीतून एका खेपेला मिळत ते मूठभर अणू. तीन दशकांची बेरीज सुमारे २,०००. सिद्धांताने सांगितलेल्या संख्येच्या ती जेमतेम एक तृतीयांश होती, आणि ती तशी का, हे त्या टाकीला सांगता येत नव्हते. आज त्याच खाणीत, त्याच पातळीवर नवी दालने खोदून तयार आहेत. सुमारे ८ लाख टन खडक बाहेर काढण्याचे काम फेब्रुवारी २०२४ पर्यंत पुरे झाले. तिथे ‘ड्यून’ नावाच्या प्रयोगाच्या टाक्या उभ्या राहायच्या आहेत आणि प्रत्येक टाकीत सुमारे १७,००० टन द्रवरूप आर्गॉन भरायचा आहे. ज्या आर्गॉनचे मोजके अणू डेव्हिस एवढ्या कष्टाने गाळून काढत, तोच आता टाकी भरून. टाकी मोठी झाली हे खरे, पण मधल्या साठ वर्षांतला मोठा बदल वेगळाच आहे. डेव्हिस यांची टाकी न्यूट्रिनो येऊन गेल्याची वर्दी महिन्या-दोन महिन्यांनी देई. नवी टाकी तो कुठे धडकला, कोणत्या दिशेने आला, कोणत्या जातीचा होता आणि त्या धडकेत काय काय उडाले, याचे चित्र देणार आहे.

न्यूट्रिनो हा विश्वातला विपुल आणि तितकाच अलिप्त कण. सूर्याकडून येणारे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात आणि शरीरातल्या एकाही अणूला त्याचा पत्ता लागत नाही. विद्युतभार नाही, वस्तुमान नगण्य, अणूंशी देणेघेणे जवळपास शून्य. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये हा कण कागदावर मांडला आणि तो प्रत्यक्ष हाती लागायला १९५६ साल उजाडावे लागले. अशा कणासाठी पहिला उपाय कोणालाही सुचेल तो एकच: लक्ष्य मोठे करा. दहा टनांत एक सापडत असेल, तर हजार टनांत शंभर सापडतील. त्यामुळे या शास्त्राची गोष्ट बहुतेक वेळा आकारांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. अमुक हजार टन पाणी, तमुक घन किलोमीटर बर्फ. माझे म्हणणे असे की ही गोष्ट अर्धीच आहे. गेल्या पन्नास वर्षांत न्यूट्रिनोंच्या अभ्यासात ज्या ज्या ठिकाणी गाडे रुतले, तिथे ते बहुतेकदा पाखडण्याची, म्हणजे एक कण दुसऱ्यापासून वेगळा करण्याची नवी युक्ती सापडल्यावरच हलले. धान्याची रास कितीही वाढवली तरी सूप हाती नसेल, तर कोंडाही त्याच प्रमाणात वाढतो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा डेव्हिस यांच्याच कोड्याच्या उत्तरात आहे. न्यूट्रिनो तीन जातींचे: इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ. क्लोरीनच्या टाकीला त्यातली फक्त पहिली जात दिसत होती. मग उरलेले दोन तृतीयांश सूर्यातून निघालेच नव्हते, की वाटेत त्यांनी जात बदलली? क्लोरीनची टाकी दसपट केली असती, तरी याचे उत्तर मिळाले नसते. तोच एक तृतीयांश आकडा अधिक दशांश स्थळांपर्यंत मिळाला असता. उत्तर दिले ते कॅनडातल्या सडबरी इथल्या निकेलच्या खाणीतल्या प्रयोगाने. दोन किलोमीटरहून अधिक खोल, ॲक्रिलिकच्या १२ मीटर व्यासाच्या गोलात तिथे १,००० टन जड पाणी भरले होते. त्याच काळात जपानमधल्या सुपर-कामिओकांडेत ५०,००० टन साधे पाणी होते, म्हणजे पन्नास पट. पण जड पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात प्रोटॉनला न्यूट्रॉन चिकटलेला असतो. इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो धडकला तर एक प्रकारची घटना घडते. कोणत्याही जातीचा धडकला तर हा जोड तुटून न्यूट्रॉन मोकळा होतो, ही दुसऱ्या प्रकारची. एकाच टाकीत दोन वेगळी मापे. पहिल्या मापाने एक तृतीयांश दाखवले, दुसऱ्याने पूर्ण संख्या. २००१ आणि २००२ च्या या निकालांनी सिद्ध झाले की सूर्याचे गणित बरोबर होते आणि न्यूट्रिनो वाटेत जात बदलतात. जात बदलता येते, याचाच अर्थ न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे. पुढे मोकळे न्यूट्रॉन अधिक नीट दिसावेत म्हणून सडबरीच्या शास्त्रज्ञांनी त्या अनमोल पाण्यात दोन टन मीठ विरघळवले, कारण मिठातले क्लोरीन न्यूट्रॉन चटकन टिपते. टाकी तीच, पाणी तेच. चिमूट टाकल्यासारखे मीठ पडले आणि नजर सुधारली.

ही मिठाची युक्ती आता जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आहे, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. पाण्याच्या टाकीत न्यूट्रिनो थेट दिसत नाही. त्याच्या धडकेतून निघालेला भारित कण पाण्यातल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावला, की निळसर प्रकाशाचा शंकू उमटतो. भिंतींवर बसवलेल्या हजारो प्रकाशनळ्यांवर त्याचे कडे पडते. म्युऑनचे कडे रेखीव, इलेक्ट्रॉनचे विस्कटलेले. याच फरकाच्या जोरावर सुपर-कामिओकांडेने १९९८ मध्ये वातावरणातले म्युऑन न्यूट्रिनो जात बदलत असल्याचे दाखवले होते. पण एक अडचण राहिली. इलेक्ट्रॉन प्रतिन्यूट्रिनो (इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोचा प्रतिकण) पाण्यातल्या प्रोटॉनवर धडकला की पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आणि न्यूट्रॉन असे दोन कण बाहेर पडतात. पॉझिट्रॉन लगेच चमकतो. न्यूट्रॉन थोडे भटकून हायड्रोजनच्या पोटात शिरतो आणि इतकी क्षीण ठिणगी देतो, की ती बहुतेक वेळा पार्श्वभूमीच्या गोंगाटात हरवते. जॉन बीकम आणि मार्क व्हॅगिन्स यांनी २००४ मध्ये सुचवले की पाण्यात गॅडोलिनियम घाला. हे मूलद्रव्य न्यूट्रॉनचे इतके भुकेले असते, की हजारात एक भागापेक्षाही कमी प्रमाणात असूनही बहुतेक न्यूट्रॉन तेच गिळते, आणि गिळताना हायड्रोजनच्या जवळपास चौपट ऊर्जेचे गॅमा किरण सोडते. मग टाकीत आधी एक चमक दिसते आणि काही लक्षांश सेकंदांनी, जवळच, दुसरी. एकट्या चमकेवर विश्वास ठेवता येत नाही, जोडीवर येतो. २०२० मध्ये सुपर-कामिओकांडेच्या पाण्यात १३ टन गॅडोलिनियम सल्फेट विरघळवले गेले, २०२२ मध्ये आणखी भर पडली आणि गॅडोलिनियमचे प्रमाण ०.०३ टक्क्यांवर गेले. सांगायला सोपे वाटते. पण कल्पना मांडली गेल्यापासून ती अमलात येईपर्यंत सोळा वर्षे गेली, कारण पाणी सतत गाळून काचेसारखे नितळ ठेवायचे आणि त्यातले गॅडोलिनियम मात्र गाळणीत अडकू द्यायचे नाही, असे यंत्र आधी घडवावे लागले. जुन्या टाकीची गळती बुजवावी लागली. दोनशे टनांच्या छोट्या टाकीत वर्षानुवर्षे तालीम झाली. हे काम ज्या चिकाटीने झाले तिला मी कोणत्याही नव्या कणाच्या शोधाइतकेच मोल देतो.

प्रकाशाच्या कड्यांची मर्यादा फर्मिलॅब या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतल्या एका वादात उघडी पडली. तिथल्या मिनीबून प्रयोगात ८०० टनांहून अधिक खनिज तेल होते आणि २००२ पासून सतरा वर्षे त्याने न्यूट्रिनोंच्या झोताची नोंद ठेवली. त्यात इलेक्ट्रॉनसारख्या दिसणाऱ्या घटना अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्या. हा चौथ्या, आजवर न दिसलेल्या न्यूट्रिनोचा माग असेल का, या शंकेने कितीतरी प्रबंध लिहिले गेले. अडचण अशी की तेलात इलेक्ट्रॉनचे कडे आणि प्रकाशकणाचे, म्हणजे फोटॉनचे कडे सारखेच दिसते. जास्तीच्या घटना खऱ्या इलेक्ट्रॉनच्या, की दुसऱ्याच एखाद्या प्रक्रियेतून निघालेल्या फोटॉनच्या, हे त्या तेलाला कळत नव्हते. वर्षे वाढली, घटना वाढल्या, खात्रीचे आकडे फुगले, पण प्रश्न जिथल्या तिथे. मग त्याच झोतासमोर मायक्रोबून उभा राहिला. त्यात फक्त १७० टन आर्गॉन होता, तेलाच्या पावपटीहूनही कमी.

द्रव आर्गॉनची कल्पना कार्लो रुबिया यांनी १९७७ मध्ये मांडली होती. उणे १८६ अंश सेल्सियसला आर्गॉन पाण्यासारखा पातळ होतो. त्यातून भारित कण गेला की वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात. टाकीच्या आरपार विद्युतदाब लावलेला असेल, तर हे सुटे इलेक्ट्रॉन मिलिमीटरभर अंतर साधारण एका दशलक्षांश सेकंदाहूनही कमी वेळात कापत एका बाजूकडे सरकतात आणि तिथल्या बारीक तारांच्या जाळीवर येऊन पोचतात. कोणत्या तारेवर आले यावरून जागा कळते, किती उशिरा आले यावरून खोली. कणाची वाट जशीच्या तशी, काही मिलिमीटरच्या बारकाव्याने, रेखाचित्रासारखी उभी राहते. आता इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांतला फरक पाहा. इलेक्ट्रॉनची रेघ धडकेच्या बिंदूपासूनच सुरू होते. फोटॉनला विद्युतभार नाही, म्हणून तो आधी काही सेंटिमीटर न दिसता जातो आणि मग इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होऊन उमटतो. चित्रात धडकेचा बिंदू आणि रेघेची सुरुवात यांच्यामध्ये रिकामी फट राहते, आणि रेघ सुरू होते ती दुप्पट जाड, कारण ती दोघांची असते. एवढ्या फटीवर सगळा निवाडा. २०२१ मध्ये मायक्रोबूनने जाहीर केले, की शास्त्रज्ञांनी गृहीत धरलेली फोटॉनची मुख्य वाट आणि इलेक्ट्रॉनची वाट, दोन्हींपैकी कशानेही ती वाढ स्पष्ट होत नाही. २०२५ च्या अखेरीस, एका चौथ्या न्यूट्रिनोने हे सारे समजावता येईल ही सरळ कल्पनाही त्याने ९५ टक्के खात्रीने बाजूला सारली. मिनीबूनची ती वाढ अजून कोडेच आहे. पण कुठे शोधायचे नाही हे आता माहीत आहे, आणि ते मोठ्या टाकीने सांगितलेले नाही.

आर्गॉनची किंमत मात्र शुद्धतेत मोजावी लागते. सुट्या इलेक्ट्रॉनला ड्यूनच्या टाकीत साडेतीन मीटरचा प्रवास करायचा आहे. वाटेत ऑक्सिजनचा रेणू भेटला तर तो त्याला गिळतो. म्हणून एक लाख कोटी भागांमागे ऑक्सिजनसारखी भेसळ शंभर भागांपेक्षाही कमी ठेवावी लागते. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली इकारस नावाच्या ७६० टनांच्या प्रयोगाने २०१० ते २०१३ या काळात हे जमते हे दाखवले. तो प्रयोग २०१७ मध्ये उचलून अमेरिकेला नेला गेला. ड्यूनच्या नमुना-टाक्या युरोपात सर्न इथे चालवून पाहिल्या आहेत.

तिसरी शाखा चमकणाऱ्या द्रवांची, सिंटिलेटरची. चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात ‘जूनो’ने २६ ऑगस्ट २०२५ पासून नोंदी घ्यायला सुरुवात केली. जमिनीखाली ७०० मीटरवर, ३५ मीटरहून अधिक व्यासाच्या ॲक्रिलिकच्या गोलात २०,००० टन चमकणारा द्रव, भोवती वीस इंची सुमारे १७,६०० प्रकाशनळ्या आणि त्यांच्या फटींत तीन इंची सुमारे २५,६०० नळ्या. आकारानेच दिपून जावे असा हा प्रयोग आहे, पण त्याचा प्राण आकारात नाही. ५३ किलोमीटरवरच्या दोन अणुवीज केंद्रांतून येणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंच्या ऊर्जेत अतिशय बारीक लाटा असतात, आणि तीन न्यूट्रिनोंपैकी कोण जड व कोण हलका याचे उत्तर त्या लाटांच्या मांडणीत दडलेले आहे. ऊर्जेच्या मापात तीन टक्क्यांहून फारशी जास्त चूक झाली, तर लाटा एकमेकींत मिसळून सपाट होतात. सगळी धडपड त्या तीन टक्क्यांसाठी. अधिक नळ्या लावल्या त्या अधिक न्यूट्रिनो दिसावेत म्हणून नव्हे; प्रत्येक न्यूट्रिनोचा अधिक प्रकाश गोळा व्हावा म्हणून. पहिल्या ५९ दिवसांच्या नोंदींतूनच जूनोने दोन महत्त्वाची मापे आधीच्या सर्व प्रयोगांच्या एकत्रित मापांपेक्षा सुमारे १.६ पट अचूक दिली.

पाण्याला दिशा कळते, सिंटिलेटरला ऊर्जा. दोन्ही एकाच टाकीत मिळावे म्हणून पाण्यात थोडे सिंटिलेटर मिसळण्याचे प्रयोग अमेरिकेत चालू आहेत. दिशा सांगणारा प्रकाश आधी पोचतो, ऊर्जा सांगणारा किंचित मागून. त्या दोघांना वेगळे करायला एका सेकंदाच्या एक हजार कोटीव्या भागाइतका वेळ मोजणारे चौकोनी, वीत-वीतभर रुंदीचे प्रकाशफलक तयार झाले आहेत. एवढ्या वेळात पाण्यातला प्रकाश दोनच सेंटिमीटर पुढे सरकतो. आणि एका गटाने तर उलटीच वाट धरली आहे. आजवर द्रव जितका नितळ तितका चांगला असे मानले गेले. लिक्विडओ नावाच्या या पद्धतीत द्रवात मेण मिसळून तो मुद्दाम गढूळ करतात. प्रकाश जिथे जन्मला त्याच्या आसपासच घुटमळत राहतो आणि द्रवातून ओवलेले बारीक तंतू तो तिथल्या तिथे टिपतात. घटना कुठे घडली हे दूरच्या भिंतीवरून ताडण्याऐवजी जागेवरच कळते. ही युक्ती मोठ्या प्रमाणावर कितपत टिकते हे अजून ठरायचे आहे, पण मला ती फार आवडते.

आकाराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सर्वांत आधी पाहावा तो अमेरिकेतल्या ओक रिज इथला प्रयोग. डॅनियल फ्रीडमन यांनी १९७४ मध्ये म्हटले होते, की कमी ऊर्जेचा न्यूट्रिनो अणुकेंद्रातल्या एकेका कणाला न भिडता संपूर्ण अणुकेंद्राला एकदम ढकलतो, आणि अशा ढकलीची शक्यता इतर प्रक्रियांपेक्षा कितीतरी जास्त असते. मग ती दिसत का नव्हती? कारण मोठे अणुकेंद्र न्यूट्रिनोच्या धक्क्याने कणभर थरथरते, बस. ती थरथर ऐकणारे उपकरण नव्हते. २०१७ मध्ये तिथल्या तळघराच्या बोळात ठेवलेल्या सीझियम आयोडाइडच्या १४.६ किलोच्या स्फटिकाने ती ऐकली, सुमारे १३४ वेळा. घरातल्या गॅस सिलिंडरमध्ये मावतो तेवढ्या वजनाचा न्यूट्रिनो-शोधक! पुढे स्वित्झर्लंडमधल्या लाइबश्टाट अणुवीज केंद्रात जर्मेनियमच्या तीन किलोंच्या आसपासच्या स्फटिकांनी ११९ दिवसांत अशा सुमारे ३९५ घटना टिपल्या. हजारो टनांच्या शास्त्रात किलोंची भाषा सुरू झाली ती नजर बारीक झाल्यामुळे.

यावर जाणकार वाचक विचारील, मग जपान आता २ लाख ६० हजार टनांचा हायपर-कामिओकांडे का उभारतो आहे? दक्षिण ध्रुवावर एक घन किलोमीटर बर्फात ५,१६० प्रकाशगोल कशाला पुरले? आक्षेप रास्त आहे. दूरच्या आकाशगंगांतून येणारे अतिऊर्जावान न्यूट्रिनो इतके विरळ असतात, की घन किलोमीटरहून लहान जाळ्यात ते सापडणारच नाहीत. ध्रुवावरच्या या आइसक्यूबने २०१३ मध्ये ते प्रथम दाखवले ते आकाराच्या बळावरच. सडबरीच्या २००१ च्या निष्कर्षालाही सुपर-कामिओकांडेच्या भरघोस नोंदींचा आधार होता. तेव्हा आकार नकोच, असे मी म्हणत नाही. आकाराने प्रश्न विचारण्याची पात्रता येते. उत्तर मिळते ते नजरेने. भूमध्य समुद्राच्या तळाशी सिसिलीजवळ सुमारे साडेतीन किलोमीटर खोल उभ्या असलेल्या केएमथ्रीनेटचे उदाहरण घ्या. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी, जाळे अर्धेही विणून झालेले नसताना, त्याने सुमारे २२० पेटा इलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रिनो पकडला. सर्नच्या महाप्रवेगकातल्या प्रोटॉनच्या सुमारे ३०,००० पट ऊर्जा. त्यात दैवाचा वाटा होता हे मान्य. पण त्याच्या प्रत्येक काचगोलात एका मोठ्या नळीऐवजी ३१ लहान नळ्या आहेत, म्हणून प्रकाश कोणत्या बाजूने आला हे गोलालाच समजते. हायपर-कामिओकांडेच्या नव्या नळ्याही जुन्यांपेक्षा दुप्पट संवेदनशील आहेत.

दुसरा आक्षेप नाजूकपणाचा. साधी टाकी टिकाऊ, गुंतागुंतीची यंत्रणा बिघडणारी. याला उत्तर सुपर-कामिओकांडेच्या साध्या टाकीतच आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी पाणी भरताना तिथली एक नळी फुटली, तिच्या धक्क्याने शेजारची, असे करत काही क्षणांत साडेसहा हजारांहून अधिक नळ्यांचा चुरा झाला. मोठेपणातही नाजूकपणा असतोच. त्यानंतर प्रत्येक नळीला स्वतंत्र कवच आले आणि ती टाकी आजही काम करते आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: याचा उपयोग काय? अणुभट्टीतल्या इंधनाची घडण बदलते तसे बाहेर पडणारे प्रतिन्यूट्रिनो बदलतात आणि ते कोणत्याही भिंतीने अडत नाहीत. त्यामुळे बाहेरून भट्टीची तपासणी करता येईल. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीजवळ ‘इस्मरान’ नावाचा प्रयोग याच दिशेने चालला आहे. त्यात गॅडोलिनियम लावलेल्या पातळ पत्र्यांत गुंडाळलेल्या प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या पट्ट्या आहेत, मिळून साधारण टनभर. जपानच्या पाण्यातली तीच दुहेरी चमक, इथे एका खोलीत. पण हा उपयोग पुढे करून मी सारा खर्च समर्थनीय ठरवणार नाही. विश्वात पदार्थ उरला आणि प्रतिपदार्थ का उरला नाही, या प्रश्नाचा एक धागा न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या वागण्यातल्या फरकात असू शकतो. ड्यून आणि हायपर-कामिओकांडे तो फरक मोजायला उभे राहत आहेत, आणि तो प्रश्न स्वतःच्या पायावर उभा राहण्याइतका मोठा आहे.

भारतात या विषयाची मुळे खोल आहेत. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत २.३ किलोमीटर खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो टिपले. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही तसे यश त्याच सुमारास मिळाले. कोलारचा शोधक आजच्या मानाने चिमुकला होता. त्याची युक्ती मांडणीत होती. विश्वकिरणांतले म्युऑन वरून येतात, म्हणून शोधकाच्या भिंती उभ्या ठेवल्या आणि आडव्या येणाऱ्या म्युऑनवर नजर ठेवली. इतक्या खडकातून आडवा येणारा म्युऑन न्यूट्रिनोचाच. पुढे तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात ५०,००० टन चुंबकित लोखंडाचा शोधक बांधायचे ठरले. २०१५ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १,५०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प मंजूर केला. त्याचेही वैशिष्ट्य नजरेत होते: चुंबकीय क्षेत्रात ऋण म्युऑन एका बाजूला वळतो, धन म्युऑन दुसऱ्या, म्हणून न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो वेगळे ओळखता येतात. ही सोय पाण्याच्या टाक्यांत नाही. पश्चिम घाटातला तो डोंगर, तिथले जंगल, सुरुंग आणि धरणे यांविषयी स्थानिक लोकांनी हरकती घेतल्या, राज्य सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला आणि काम थांबले. त्या हरकती अज्ञानातून आल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. डोंगर त्यांच्या उशाशी आहे. मदुराईत ८५ टनांचा नमुना चालू आहे. माझे मत असे की आपण मोठ्या दालनाची वाट पाहत हात बांधून बसू नये. इस्मरानसारख्या टनभराच्या प्रयोगांत, थरथर ऐकणाऱ्या स्फटिकांत, वेगवान प्रकाशफलकांत आज करण्यासारखे खूप आहे, आणि त्यासाठी कोणाच्या उशाखालचा डोंगर फोडावा लागत नाही.

या सगळ्या द्रवांची खरी परीक्षा एखाद्या दिवशी, न सांगता येणार आहे. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघातला एक तारा फुटल्याचे दिसले, तेव्हा प्रकाशाच्या काही तास आधी जगभरातल्या तीन टाक्यांत मिळून जेमतेम २५ न्यूट्रिनो सापडले. आपल्याच आकाशगंगेतला तारा असा फुटला, तर सुपर-कामिओकांडे एकटा हजारो टिपेल, बहुतेक प्रतिन्यूट्रिनो. गॅडोलिनियममुळे ते वेगळे काढता येतील आणि उरलेल्यांवरून तारा आकाशात कुठे आहे हे दुर्बिणींना कळवता येईल. पण कोसळत्या गाभ्यात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र चेपून न्यूट्रॉन होतात, तो पहिला लोट इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोंचा असतो आणि काही शतांश सेकंदांत संपतो. पाण्याला त्यातले फारच थोडे दिसतात. आर्गॉनचे अणुकेंद्र मात्र नेमके इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोच धरते. आपल्या आकाशगंगेतला असा तारा नुसत्या डोळ्यांनी शेवटचा दिसला तो १६०४ मध्ये. पुढचा कधी फुटेल हे कोणाच्या हाती नाही, आणि होमस्टेकच्या दालनांत आर्गॉन अजून भरायचा आहे.